भोंगा आणि एलियन्स

शुक्रवार संध्याकाळ. लोअर परेलच्या मॉलमध्ये कॉफी घेऊन बसलेय. समोर फिनिक्स मिलची जुनी चिमणी. शेजारच्या टेबलावर वाद रंगलाय, ‘एलियन्स असतील तर आत्तापर्यंत भेटले का नाहीत, बॉस?’

प्रश्न जुनाच. १९५० मध्ये लॉस अलामॉसला जेवताना एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञालाही तो पडला होता. आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे, वय अब्जावधी वर्षं. मग आहेत कुठे सगळे?

प्रश्न डोक्यात घेऊनच करी रोडचा पूल ओलांडला आणि लालबागला आजीकडे पोचले. चाळीच्या गॅलरीत ती मेथी निवडत होती. विषय नेहमीचाच, आजोबांची गिरणी. भोंगा झाला की चाळ उठायची, डबे भरले जायचे, पाळी बदलायची. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा थांबत गेला.

‘आजी, मी तर एकदाही ऐकला नाही गं.’

‘तू उशिरा आलीस. त्यात भोंग्याचा काय दोष?’

मी गप्पच. फ्रँक ड्रेकच्या १९६१ च्या समीकरणातलं शेवटचं पद हेच तर विचारतं : एखादी संस्कृती किती काळ संदेश पाठवत राहते? आपला रेडिओ जेमतेम सव्वाशे वर्षांचा. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद. म्हणजे आपला आवाज अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचलेला नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले रेडिओ तरंग टिपतात. कान आहेत हो, पण वेळ जुळायला हवी. कुणाचा भोंगा आपण जन्मायच्या आधीच थांबला असेल. कुणाचा अजून वाटेत असेल.

‘कसा वाजायचा? करून दाखव ना.’

आजी आधी लाजली. मग ओठांचा चंबू करून तिनं एक लांबलचक सूर काढला.

तीन खोल्या पलीकडचं दार उघडलं. गिरणीतून रिटायर झालेले काका बनियनवरच बाहेर आले.

‘काय वहिनी,’ ते हसले, ‘पहिली पाळी?’