दोन इंजिनांची गाडी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात गाडीत बसले की वीसेक मिनिटांत सर्बिटन येते. स्टेशनची पांढरीशुभ्र इमारत १९३७ सालची. शेजारीच किंग्स्टन. तिथे सॅक्सन राजांच्या अभिषेकाचा दगड कठड्यामागे जपून ठेवला आहे. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने तो पाहावा आणि चार गंभीर वाक्ये लिहावीत, असा प्रघात आहे. दगड मी पाहिला. पण माझी सुटी खरी गेली ती एका गॅरेजात, हातात दिवा धरून!

ताईने फोनवरच बजावले होते, "वर्गात शंभर पोरांना गप्प बसवतोस ना? मग इथे येऊन ह्या एकट्यांना समजाव."

भाऊजी निवृत्त इंजिनिअर. वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. त्यांच्याकडे एक जुनी मिनी मोटार होती. कुणाच्या तरी गंजलेल्या मिनीचा पुढचा भाग त्यांनी विकत आणला होता आणि त्यातले इंजिन ते आपल्या गाडीच्या पाठीत बसवत होते. धडधाकट गाडीला दुसरे इंजिन कशासाठी, हा ताईचा प्रश्न मलाही रास्त वाटला.

पण हे वेड त्यांचे एकट्याचे नव्हे. १९५६ च्या सुएझ प्रकरणात इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यातून अॅलेक इसिगोनिस यांनी छोटी मिनी घडवली. १९५९ च्या ऑगस्टात ती बाजारात आली. लांबी अवघी दहा फूट, चाके दहा इंची. आणि तरीही आत चार माणसे बसत! इंजिन आडवे ठेवलेले आणि गिअर त्याच्या पोटाखाली, इंजिनाच्याच तेलात. इंजिन, गिअर आणि पुढची चाके असा सारा प्रपंच एका लोखंडी सांगाड्यावर बसवलेला. म्हणजे तसाच दुसरा सांगाडा मागे लावला की चारही चाके ओढू लागतात. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंड बर्फाखाली गेले, तेव्हा कारखान्याने दोन इंजिनांची उघडी मिनी मोक बर्फात पळवून दाखवली. ते पाहून जॉन कूपर यांनी बंद मिनीला दोन इंजिने बसवली. १९६३ साली तसली गाडी सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत उतरली. जॉन व्हिटमोर आणि पॉल फ्रेअर ती चालवत होते. डोंगरातल्या बहात्तर किलोमीटरांच्या वाटेला दहा फेऱ्या घालायच्या होत्या. मागच्या इंजिनाला वारा पुरेना, ते तापले. पुढच्या इंजिनाने बिचाऱ्याने जोडीदाराला पाठीवर घेऊन शर्यत पुरी केली.

माझे ब्रह्मास्त्र याच्या पुढचे होते. त्याच वर्षी किंग्स्टन बायपासवर कूपर यांची दोन इंजिनांची मिनी उलटली आणि त्यांना जबर दुखापत झाली. ताईच्या घराहून तो रस्ता हाकेच्या अंतरावर! एका संध्याकाळी मी हे अस्त्र सोडले.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "चल, फिरून येऊ."

त्यांनी मला हॉलिफील्ड रोडला नेले. साधा रस्ता, साधी घरे. इथल्याच गॅरेजात चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी १९४६ साली दोन छोट्या फियाटचे पुढचे भाग एकमेकांना जोडले, पाठीमागे मोटारसायकलचे इंजिन लावले आणि शर्यतीची गाडी केली. त्याच घराण्याच्या गाडीतून जॅक ब्रॅबहॅम १९५९ आणि १९६० साली जगज्जेता झाला.

"जोडाजोड करूनच मोठी झालेली माणसं ही," भाऊजी म्हणाले. "अपघाताचं मला ठाऊक आहे. मागचा सांगाडाही मुळात पुढचाच. त्याची चाकं वळण्यासाठीच केलेली. ती दांड्यांनी जखडून सरळ धरावी लागतात. ती पकड सुटली तर चाक आपल्या मनानं वळतं. कूपरच्या गाडीचं तसंच झालं असं सांगतात. म्हणून त्या दांड्या मी तीनदा करून पाहिल्या." थोडे थांबून ते म्हणाले, "शस्त्रक्रियेनंतर वर्षभर मला सगळे 'जपा, जपा' म्हणत होते. हे काम हातात घेतलं आणि सकाळी उठावंसं वाटू लागलं."

माझे अस्त्र भात्यात परत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी दिवा धरू लागलो. दोन क्लच एका पायाखाली आणायचे, दोन गिअर एका दांड्याने बदलायचे, दोन्ही इंजिनांना पेट्रोल सारखे पोचवायचे. एक पुढे ओढतो आणि दुसरा रेंगाळतो, असे चालत नाही. ताई चहा आणून द्यायची आणि माझ्याकडे फितुराकडे पाहावे तशी पाहायची.

माझ्या निघण्याच्या आदल्या रविवारी गाडी सुरू झाली. सरकारी तपासणी व्हायची होती, त्यामुळे रस्त्यावर न्यायची नव्हती. गॅरेजसमोरच्या अंगणातच तीस फूट चालवायची होती. आधी पुढचे इंजिन खोकले, मग मागचे गुरगुरले. पिठाचे हात तसेच घेऊन ताई बाहेर आली.

"तपासणी झाली की कुठे नेणार?"

"स्कॉटलंडला."

"वाटेत मागचं बंद पडलं तर?"

"पुढचं घरी आणील."

"आणि पुढचं पडलं तर?"

"मागचं ढकलील."

ताईने क्षणभर त्यांच्या छातीकडे पाहिले. "आणि तुमचं पडलं तर?"

भाऊजींनी इंजिने बंद केली. अंगणात एकदम शांतता झाली. मी दिव्याची वायर उगाचच गुंडाळू लागलो.

ताई आत गेली. हात धुऊन, चष्मा लावून आली. भाऊजींना तिने डावीकडच्या जागेवर सरकायला लावले आणि स्वतः चक्रापाशी बसली. "क्लच कुठला तो दाखवा. जायचं तर मला चालवता आली पाहिजे."

गाडी एक आचका देऊन निघाली. मलाही बसायचे होते. पण मागच्या बाकाच्या जागी आता इंजिन होते. तेव्हा मी अंगणातच उभा राहिलो.