लांब वाट

शक्तीची बेरीज अंकगणितासारखी होत नाहीं, हें आम्हीं चंद्रपुरास पुष्कळ वर्षें फळ्यावर शिकविलें. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविला.

विषय थोडा रुक्ष आहे. वाचकांनीं क्षमा करावी. ज्या विद्युत्-लहरींची लांबी एक ते दहा मिलिमीटर, त्यांस मिलिमीटर लहरी म्हणतात. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास आंखूड लहरींचे जाहीर प्रयोग केले आणि ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी हाताळल्या. आज त्या रडारच्या व उपग्रहांच्या कामीं येतात. अडचण एवढीच कीं, त्यांच्यासाठीं वर्धकाची चिप फार लहान करावी लागते, व तिच्यांतून थोडेच वॉट निघतात. म्हणून अनेक वर्धकांची शक्ति एकत्र करावी लागते. अरुंद तारेंतून ती नेली तर वाटेंतच पुष्कळशी वायां जाते. यासाठीं वेव्हगाइड नांवाची पोकळ, चौकोनी धातूची नळी योजतात. ९४ गिगाहर्ट्झसाठीं या नळीची आंतली रुंदी २.५४ व उंची १.२७ मिलिमीटर असते.

एकाच उगमाची लहर वांटून ती निरनिराळ्या वर्धकांतून नेतात व पुन्हां एकत्र आणतात. दोनाचे चार, चाराचे आठ असे जोड वाढविले तर प्रत्येक जोडावर थोडी शक्ति गळते. म्हणून कोणी सर्व नळ्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें एकदम मध्यभागीं आणतात. परंतु मुख्य अट निराळीच आहे. सर्व लहरींचें पाऊल एकाच वेळीं पडलें पाहिजे. दोन सारख्या लहरींपैकीं एकीस या नळींत सुमारें एक मिलिमीटर अधिक चालावें लागलें, तर निम्मी शक्ति बाजूच्या शोषकांत उष्णता होऊन जाते. दोन मिलिमीटर, तर जवळजवळ सगळी. दोष कोणत्याच वर्धकाचा नसतो.

आमच्या प्रयोगशाळेंत असली सामग्री कोठून असणार? तीन सेंटिमीटर लहरींचा एक जुना संच आहे; नियम मात्र तोच. कांहीं वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत आम्ही त्याच्या दोन शाखा एकत्र करीत होतों. एक शाखा बंद केली कीं मापकाचा कांटा चढे. दोन्ही उघडल्या कीं खालीं पडे. आम्हीं मापकास दोष दिला, वीजपुरवठ्यास दिला, शेवटीं विद्यार्थ्यांसही दिला. भामरागडाकडील एक माडिया मुलगा मागें उभा होता. तो वर्गांत कधीं बोलत नसे, आणि आम्हीं मनांतल्या मनांत त्याच्यावर ‘मंद’ असा शेरा केव्हांच मारून ठेविला होता. तो हळूच म्हणाला, “सर, एक नळी लांब आहे जी.”

मोजून पाहिलें. सुमारें सव्वादोन सेंटिमीटरांचा, म्हणजे नळींतील अर्ध्या लहरीएवढा, एक तुकडा चुकून अधिक बसला होता. तो काढतांच कांटा चढला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. घरीं माडिया, आश्रमशाळेंत मराठी आणि आमच्यापुढें इंग्रजी : प्रत्येक प्रश्न त्या मुलापर्यंत दोन भाषा ओलांडून जात होता व उत्तर तितकीच वाट चालून परत येत होतें. तें पोंचण्यापूर्वींच आम्ही पुढच्या बांकाकडे वळत होतों. शक्ति कमी नव्हती. वाट लांब होती.

हें कळलें, पण उशिरां. वर्षाअखेरीस तो नापास झाला व पुन्हां आला नाहीं. तो तुकडा आम्हीं मेजावर ठेविला आहे. प्रश्न विचारल्यावर हल्लीं आम्ही त्याच्याकडे पाहत थोडे अधिक थांबतों.