दोरीचे दुसरे टोक

कुणाला साड्यांचा सोस असतो, कुणाला दागिन्यांचा. मला डोंगरांचा आहे. वर्गात शिकवता शिकवता खिडकीतून टेकडी दिसली की माझे वाक्य अर्धवट राहते, हे आता माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक झाले आहे.

आमच्या ह्यांचे अगदी उलट. डोंगर हा त्यांच्या मते लांबून पाहायचा पदार्थ. ‘‘वर जाऊन शेवटी खालीच यायचं ना? मग मी आधीच खाली आहे,’’ हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्यावर वीस वर्षांत मला उत्तर सुचलेले नाही.

लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून येत्या जुलैत स्वित्झर्लंडला जायचे ठरले, तेव्हा आम्ही दोघेही खूश होतो. पण निरनिराळ्या कारणांसाठी. त्यांच्या डोळ्यांपुढे तळी, आगगाड्या आणि चॉकलेटे होती. माझ्या डोळ्यांपुढे होता मॅटरहॉर्न. उंची 4478 मीटर. म्हणजे एकावर एक ठेवलेल्या जवळजवळ पावणेतीन कळसुबाया! 1871 साली लूसी वॉकर नावाच्या इंग्रज बाईने तो सर केला होता. मग सह्याद्रीचे कातळ पंधरा वर्षे चढलेल्या मी का करू नये?

रोज रात्री जेवणे आटोपली की मी नकाशा पसरून बसे. रजेचा अर्ज, व्हिसा, गाईडचे पैसे असा सगळा हिशेब मांडी. हे शेजारी बसून सुपारी कातरीत. हो नाही की नाही नाही. मला वाटले, यांना कंटाळा आला आहे.

एके रात्री मात्र त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ‘‘पहिल्या वेळी दोरी तुटली होती म्हणे?’’

म्हणजे गुपचूप वाचन चालले होते तर! मी सांगितले, ‘‘हो. 14 जुलै 1865. एडवर्ड व्हिम्पर आणि त्याचे सहा सोबती शिखरावर पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले आणि मधली दोरी तुटली. चौघे गेले. ती दोरी झेरमाटच्या संग्रहालयात ठेवली आहे. पण आताच्या दोऱ्या...’’

‘‘गेलेल्या चौघांबद्दल सगळेच लिहितात,’’ हे म्हणाले. ‘‘मी उरलेल्या तिघांचा विचार करतोय. त्यांना पुढं झोप कशी लागली असेल?’’

मी काही बोलले नाही. मग तेच हळूच म्हणाले, ‘‘तू लिंगाण्याहून रात्री दोनला आलीस, आठवतं?’’

आठवत होते. धुक्यात वाट चुकली होती, फोन बंद पडला होता. मी घरी आले तेव्हा ह्यांनी एवढेच विचारले होते, ‘‘आमटी गरम करू का?’’ आणि मी मनात म्हटले होते, किती बाई हा निश्चिंत माणूस!

त्या रात्री मला झोप आली नाही. चढणाऱ्याला निदान हाताशी खडक असतो. घरी बसलेल्याच्या हातात दोरीचे नुसते टोक.

दुसऱ्या दिवशी मी मॅटरहॉर्न सोडला. खोटे कशाला सांगू, पोटात तुटले. त्याऐवजी ब्राइटहॉर्न निवडला. उंची 4164 मीटर. पण 3883 मीटरपर्यंत तारेवरचा पाळणा नेतो. पुढे बर्फातली वाट. हिमनदीत भेगा असतात, म्हणून तिथेही गाईड आणि दोरी हवीच. पण मॅटरहॉर्नसारखे उभे कडे नाहीत. ह्यांनी गोर्नरग्राटला जायचे. तिथे 1898 पासून दातेरी रुळांवरची आगगाडी जाते, 3089 मीटरवर. समोरच ब्राइटहॉर्न दिसतो. दुर्बीण मात्र चांगली घ्यायची, ही त्यांची एकमेव अट.

परवा पहाटे उठले तर हे घरात नाहीत. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन दारात उभे. कॅनव्हासच्या बुटांवर धूळ.

‘‘कुठं गेला होता हो?’’

‘‘पर्वतीला. गोर्नरग्राटला हवा विरळ असते म्हणे. तिथं मीच दम लागून बसलो, तर तुझ्याकडे बघणार कोण?’’

मी मुकाट्याने चहाचे आधण ठेवले.