स्वस्त फिल्म आणि आत्याचे लुगडे

रंगीत निगेटिव्ह फिल्म पारखून घ्यायची असेल त्याने तंजावरास यावे आणि बृहदीश्वराच्या दगडापासून आरंभ करावा. १०१० साली पुऱ्या झालेल्या या देवळाचा ग्रॅनाइट दुपारी राखी दिसतो. सूर्य कलला की त्यात मध उतरतो. सरफोजीराजांनी १८०३ साली येथे कोरविलेला भोसल्यांचा मराठी वंशवृत्तान्त मी तीन निरनिराळ्या फिल्मांवर टिपला आहे, आणि तिन्हींवर त्या अक्षरांचे वय मला वेगळे भासले.

कोडॅकची कलरप्लस २०० ही त्यांतली गरीब. तिचे रंग किंचित विटल्यासारखे. पण दगड तिच्यावर दगडच राहतो. गोल्ड २०० पिवळ्याकडे झुकते. आमच्या तंजावरी चित्रांतला सोन्याचा वर्ख तिच्यावर खुलतो खरा, परंतु चुन्याची भिंतदेखील सोनेरी करण्याचा तिचा आग्रह मला सोसवत नाही. अल्ट्रामॅक्स ४०० चा कण जाड. माजघरात मात्र तिच्यावाचून चालत नाही. फुजीची सी २०० कावेरीकाठच्या भातशेतांचा हिरवा फार मायेने दाखवी. २०२३ च्या अखेरीस आलेली हार्मनची फीनिक्स उग्र प्रकृतीची, दिव्याभोवती तांबूस वलय उठविणारी.

निगेटिव्हला उजेड थोडा अधिक झाला तर ती सोसते, कमी पडला तर सावल्या मातकट होतात. म्हणून २०० ची फिल्म मी १०० ची समजून वापरतो. धुलाईच्या रसायनाला ३८ अंशांची ऊब लागते. वैशाखात आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपण होऊनच तिच्या जवळ येते, हा तंजावरचा एक उपकार!

एवढा खटाटोप आत्यासाठी. तिचा तरुणपणीचा एकच फोटो घरात आहे, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलवर काढलेला, कृष्णधवल. त्यातले लुगडे जांभळे होते असे आत्या म्हणते. तिची धाकटी बहीण शेवटपर्यंत ते डाळिंबी होते असे म्हणत असे. लुगडे केव्हाच बोहारणीकडे गेले, बहीणही गेली. करड्या छटेला कोण विचारणार?

यंदा आत्या पुन्हा बसायला कबूल झाली. “ह्या खेपेस रंग राहील ना रे?” एवढेच तिने विचारले. फिल्मचे रंगही उष्म्याने उडतात, हे मी तिला सांगितले. मग थंड जागी ठेव, म्हणाली. मी कलरप्लस भरली: तिच्या सावळ्या गालावर गोल्डचे पिवळेपण मला नको होते. छत्तीसांपैकी अकरा झाल्यावर ती कंटाळून उठली. उरलेल्या पंचविसांत मी तिचे दुसरे लुगडे, कुंकवाचा करंडा आणि ओसरी घेतली.

निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात घातल्या. त्याच पेटीत जुना फोटो ठेवला, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले: जांभळे, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, डाळिंबी, तिच्या बहिणीच्या.