नागपूर लाइनची वही

मी नोकरीत नेमकं काय करत होतो, हे आमच्या घरात आजतागायत कुणालाही धड सांगता आलेलं नाही. "मुंबईले कम्प्युटरमध्ये होता" एवढ्यावर संग्रामपूरच्या मंडळींचं समाधान होतं आणि "बाबा आयटीत होते" एवढ्यावर माझ्या मुलांचं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीतून काहीच कळत नाही! परवा पुतण्याच्या मुलीने थेटच विचारलं, "आजोबा, तुम्ही प्रोग्रॅम लिहायचे का?" म्हटलं, नाही गं बाई, मी आकडे लिहायचो. तिचा चेहरा पडला. म्हणून हे लिहायला बसलो. ब्लॉगवरची नेहमीची मंडळी वाचतीलच, पण नातेवाइकांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं. शेवटी दादाचा विषय आहे.

तर गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, शेगावहून गाडी पकडून मुंबईला आलेला. एका मोठ्या कंपनीच्या कम्प्युटर सेंटरमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो. यंत्र आयबीएमच्या ३७० घराण्यातलं, तेही सेकंडहँड. आजच्या मुलांना गंमत वाटेल, पण तेव्हा आयबीएम ही कंपनीच भारतात नव्हती. फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना भांडवलातला हिस्सा कमी करायला सांगितलं गेलं, ते न पटल्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये इथला गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेली. यंत्रं मात्र चालूच राहिली. आपल्याकडे कुठलं यंत्र सहजासहजी मरतं!

एक मोठी खोली, वातानुकूलित, पायाखाली उचलता येणाऱ्या लाद्या आणि त्यांच्या खाली केबलींचं जंगल. बाहेर मे महिना असला तरी आम्ही आत स्वेटर घालून. त्या खोलीतून टेलिफोनच्या तारांवरून पुणे, अहमदाबाद आणि नागपूर इथल्या शाखांशी डेटाची ने-आण चालायची. मी वऱ्हाडातला म्हणून असेल किंवा नवा म्हणून असेल, नागपूरची लाइन माझ्या वाट्याला आली. ती तार नक्की कुठून जाते हे मला कुणी दाखवलं नाही. पण मी मनात धरून चाललो होतो की शेगावच्या रुळांशेजारूनच जात असणार... तेवढंच बरं वाटायचं.

आता ही लाइन काय करायची ते सांगतो. तार टेलिफोनचीच, म्हणजे माणसाचा आवाज जेमतेम जाईल अशी. दोन्ही टोकांना मोडेम, वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या मोबाइलपुढे हा वेग म्हणजे गोगलगाय. डेटा एकदम जात नसे, तुकड्यातुकड्याने जायचा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा आकडा जोडलेला. पलीकडचं यंत्र तोच हिशेब स्वतः करून पाहायचं. जुळला तर "अ‍ॅक" म्हणजे "मिळालं, पुढचं पाठव". नाही जुळला तर "नॅक" म्हणजे "परत पाठव". आणि "मिळालं" हेसुद्धा दोन प्रकारचं, आलटून पालटून, अ‍ॅक-शून्य आणि अ‍ॅक-एक, म्हणजे एखादा तुकडाच वाटेत गडप झाला तर लक्षात यावं. ही बोलीभाषा आयबीएमने १९६७ मध्ये आणली. बायसिंक म्हणायचो आम्ही तिला. मला तर ती पहिल्या दिवसापासून कळली, कारण आमच्या गावच्या पोस्टातला ट्रंक कॉल असाच चालायचा. "ऐकू येते का? हॅलो! ऐकू येते का? पुन्हा बोल!" :)

आता जरा गणित. पळू नका, सोपं आहे. लाखात एक बिट बिघडतो असं धरा. ऐकायला किती चांगली लाइन वाटते! पण एक हजार अक्षरांच्या तुकड्यात आठ हजार बिट असतात. म्हणजे बारा-तेरा तुकड्यांत एक तुकडा बिघडणारच आणि परत पाठवावा लागणारच. शाखेतल्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही. यंत्र गुपचूप परत पाठवतं, काम पूर्ण होतं, फक्त जरासा वेळ जास्त लागतो. ठरावीक प्रयत्नांनंतरही जमलं नाही, तरच यंत्र हात वर करून कन्सोलवर ओरडतं. तोपर्यंत सगळं आलबेल!

आणि म्हणूनच आकडेवारी ठेवायची. यंत्राच्या पोटात प्रत्येक लाइनसाठी एक छोटा हिशेब असायचा. बीटॅम नावाच्या प्रणालीत चार रकाने होते. पहिला, एकूण किती वेळा पाठवलं. दुसरा, डेटा चेक, म्हणजे पोचलं पण बिघडून पोचलं. तिसरा, पलीकडचं यंत्र तयार नाही, कुणीतरी उठून काहीतरी करायला हवं. चौथा, टाइमआउट, म्हणजे विचारलं पण उत्तरच आलं नाही. पाळी संपताना हे आकडे प्रिंटरवर काढायचे आणि माझ्या हाताने एका लांबट वहीत उतरवायचे. तारीख, वेळ, चार आकडे, सही. ही माझी नोकरी. (इतर कामंही होती, टेप चढवणं, कागद भरणं वगैरे, पण वही माझी होती.)

पहिल्या दिवाळीला घरी आलो तेव्हा दादाने विचारलं होतं, "तू तिथं करतं काय रे दिवसभर?" मी हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हंजे काम मशीन करते, अन् तू मशीनच्या चुका लिहितं. अन् त्याचे पैसे देतात तुले?" अंगणात सगळे हसले. मीही हसलो. पण इतकं अचूक वर्णन पुढे कुठल्याही साहेबाने केलं नाही.

वहीचं मोल मला १९८७ च्या उन्हाळ्यात कळलं. एप्रिलपासून नागपूरचं काम रेंगाळायला लागलं. दुपारी दोनला संपणारी फाइल साडेतीनला संपायची. तिकडच्या शाखेने कारण शोधून ठेवलं होतं. टर्मिनलवर बसणारा मुलगा. रोजंदारीवरचा, वर्ध्याकडचा, नवीन लागलेला. तो जागेवर नसतो, कागद संपला तरी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेर त्याला बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. लाइन सुरू करताना फोनवर "नमस्कार सर, नागपूर रेडी" एवढंच आमचं बोलणं. पण तो "सर" म्हणताना आमच्याकडच्यासारखाच हेल काढायचा.

मी वही उघडली. नुसते चुकांचे आकडे बघून उपयोग नसतो, कारण दुपारी काम जास्त म्हणून चुकाही जास्त दिसणारच. म्हणून प्रत्येक वेळी चुका भागिले एकूण पाठवणी असा हिशेब केला. तर सकाळी नऊच्या सुमारास तीनशे तुकड्यांत एखादा बिघडलेला. अकरानंतर पंधरात एक! संध्याकाळी सहानंतर पुन्हा तीनशेत एक. रविवारी काम असलं की दिवसभर चांगलं. आणि महत्त्वाचं म्हणजे वाढत होता तो दुसरा रकाना, डेटा चेक. मुलगा जागेवर नसता, कागद संपून पडला असता, तर तिसरा रकाना वाढला असता. तो दोन महिने जिथल्या तिथे होता. म्हणजे मुलगा वेळेवर हजर होता, बिघडत होतं ते वाटेत.

मी हे सगळं एका पानावर मांडून आमच्या साहेबांना दिलं. साहेब भले माणूस, त्यांनी नागपूरला फोन लावून एकच प्रश्न विचारला, "अकरा वाजता तुमच्याकडे काय सुरू होतं?" तिकडून उत्तर आलं, "कूलर, दुसरं काय?" नागपूरचा मे महिना, ऑफिसात भलामोठा डेझर्ट कूलर, आणि त्याच्या मोटरला खेटून भिंतीवरून मोडेमची तार गेलेली. रविवारी ऑफिस अर्धं रिकामं, कूलर बंद. तार दुसऱ्या भिंतीवरून नेली आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांसारखे झाले. मुलगा राहिला. पुढे कायमही झाला असं कानावर आलं. त्याला त्या पानाबद्दल कुणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. नसेलच सांगितलं.

पुढे काळ भराभर बदलला. सीएमसीचं इंडोनेट १९८६ मध्येच सुरू झालं होतं. रेल्वेचं आरक्षण त्याच सुमारास दिल्लीत आणि मग मुंबईत कम्प्युटरवर गेलं. नव्वदच्या दशकात आमचं ते यंत्र भंगारात निघालं. वह्यांचं काय झालं कोण जाणे. आता मी वर्षातले पाच-सहा महिने संग्रामपूरलाच असतो. लॅपटॉपवर हर्क्युलिस नावाचा प्रोग्रॅम घातला आहे. रॉजर बाउलर या गृहस्थाने १९९९ मध्ये तो पहिल्यांदा आणला. त्याच्यामुळे जुनी अख्खी मेनफ्रेम लॅपटॉपच्या पोटात चालते. त्यावर एमव्हीएस ही जुनी प्रणालीही चालते. म्हातारपणीचा उद्योग, दुसरं काय. पुतण्याच्या मुलीला कौतुकाने दाखवलं. लॉगरेक नावाची फाइल असते, यंत्राच्या बारीकसारीक चुकांची नोंद त्यात जमते, ती छापून दाखवली. लाइनच्या चुका सगळ्या शून्य! खरी तारच नाही तर बिघडणार कुठे? ती म्हणाली, "मग आता चुका होतच नाहीत का?" म्हटलं, होतात ना, गच्चीवर जाऊन व्हिडिओ कॉल लावतेस तेव्हा तुझ्या फोनमध्ये मिनिटाला कितीतरी वेळा "परत पाठव" चालू असतं. फक्त ते कुणी वहीत लिहीत नाही.

आता दादाचा विषय.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवाचं जंगल, पण खाली सपाटीला बोअरचं पाणी खारट. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेलं माणूस नाही असं गाव सापडणं कठीण. लोक पाण्याला दोष देतात. दादा आता सत्तरीचा. रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. रोज शेतात जातो.

गेल्या दिवाळीनंतर कपाट आवरताना त्याच्या रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी हाती लागली. आठ-नऊ वर्षांचे कागद, चार वेगवेगळ्या लॅबचे. सवयीने वही घेतली आणि रकाने आखले. क्रिएटिनिन १.०, मग १.१, मग १.२, मग १.३. यातला प्रत्येक कागद एकेकटा पाहिला तर छापलेल्या मर्यादेच्या आतच होता, आणि प्रत्येक वेळी "ठीक आहे" असंच घरी आलं होतं. शेवटचा १.५. तोही "थोडा जास्त". पण एकाखाली एक लिहिल्यावर ती चढण डोळ्याला दिसते हो. एकही आकडा खाली आलेला नाही.

वही घेऊन दादाला अकोल्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी वहीचं पान वाचलं. मग समजावून सांगितलं की मूत्रपिंड फार सोशीक असतं. गाळायची ताकद निम्म्याच्या आसपास येईपर्यंत हा आकडा बरेचदा मर्यादेच्या आतच राहतो, उरलेला भाग जास्तीचं काम ओढत असतो आणि माणसाला काहीच जाणवत नाही. मला एकदम नागपूरची लाइन आठवली. गुपचूप परत पाठवणारी, सगळं आलबेल दाखवणारी. दादाची ताकद आता पन्नास टक्क्यांच्या जवळ आहे. गेलेली परत येत नाही, पण उरलेली बरीच वर्षं टिकवता येते. गुडघ्यासाठी तो दुकानातून आणून खायचा त्या वेदनाशामक गोळ्या बंद. रक्तदाब रोज मोजायचा. मीठ कमी. दर तीन महिन्यांनी तपासणी, शक्यतो एकाच लॅबमध्ये.

येताना गाडीत दादा बराच वेळ गप्प होता. वरवट बकाल मागे पडल्यावर म्हणाला, "लेका, चुका लिहाचे पैसे देतात ते काहून, ते आज समजलं मले." मग थोड्या वेळाने, "पण लोणचं खाऊ देजो जराक."

तर नातेवाईक मंडळी, विनंती एवढीच. तुमच्याही घरात ती प्लॅस्टिकची पिशवी असणार. ती काढा. शंभर पानी वही घ्या, रेघा मारा. तारीख, लॅबचं नाव, क्रिएटिनिन, साखर, रक्तदाब. जुन्यापासून नव्यापर्यंत, एकाखाली एक. काही वाटलं तर मला फोटो पाठवू नका, मी डॉक्टर नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आपापल्या मनाने गोळ्या खाणं आधी थांबवा, विशेषतः पातुर्ड्याच्या काकांनी.

दादाची पुढची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. रक्तदाबाचा रकाना आता तो स्वतःच भरतो, पुढे सहीसुद्धा करतो. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.