लाकडाची गौर

देवाची पूजा करता आली म्हणजे देव सांभाळताही येतो, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. जयपुरास बदली होऊन आल्यावर ती एका सकाळीच ढासळली.

१७२७ साली वसलेल्या या नगरीची देव घडवण्यातील ख्याती संगमरवरासाठी. खजानेवालों का रास्ता या गल्लीत शिरले की दुर्गा, सरस्वती, लक्ष्मी दुतर्फा उभ्या दिसतात. चैत्रात मात्र मान असतो लाकडाच्या देवीचा. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघर गणगौरीची पूजा चालते, आणि चैत्र शुद्ध तृतीयेस राजघराण्याची गौर त्रिपोलिया दरवाजातून मिरवत निघते. त्याच तृतीयेस आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. परमुलखातील मराठी घराला या योगाने केवढा धीर येतो, हे बदल्यांत आयुष्य काढलेल्या वाचकांस सांगावयास नको.

मातीची गौर पूजेअंती विहिरीत वा तळ्यात बोळवतात; लाकडाची घरी परत येते. परत येते म्हणूनच ती जुनी होते. चितोडजवळच्या बस्सी गावचे सुतार अशा गौरी आणि ईसर पिढ्यान्‌पिढ्या कोरीत आले आहेत. तसलीच एक जुनी, हातभर उंचीची गौर आम्ही पहिल्याच वर्षी घरी आणली.

तृतीयेच्या सकाळी घरात आंब्याची डाळ आणि पन्हे यांची गडबड चालली होती. पितळी अन्नपूर्णा चिंचेने घासून लखलखीत करणे हा आमच्या घरचा परिपाठ. तोच आम्ही येथे चालवला. गौरीला स्नान घातले, ओल्या पंचाने तोंड पुसले, आणि पंचावर गुलाबी रंग उतरला. डाव्या गालाचा पापुद्रा सुटून खालचा खडीचा पांढरा लेप उघडा पडला. आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "आता ही खंडित झाली का हो?" आम्हांस उत्तर सुचेना. त्यांनी मोगऱ्याचा गजरा गालावर ओढून घेतला आणि हळदीकुंकू पार पाडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शहरातील एका वृद्ध रंगाऱ्याकडे गेलो. त्याने आधी मूर्ती उलटी करून बैठक पाहिली. कीड लागली असती तर बारीक भोकांतून पिठासारखा भुगा गळाला असता. मग तो म्हणाला, "लाकूड शाबूत आहे. रंग हे देवीचे वस्त्र. वस्त्र फाटल्याने देवी खंडित होत नाही." सणापूर्वी गौरीस नवा रंग देण्याची येथे रीतच आहे, तो सगळा जुना रंग खरवडून काढावयास तयार होता. पण त्याबरोबर कुणा अज्ञात हाताने रेखलेले ते डोळेही गेले असते. संग्रहालयातील मूर्ती असती तर सुटलेला रंग जागच्या जागी बसवून तिला तशीच राहू दिली असती. आमची गौर पूजेची. शेवटी ठरले ते असे : गाल रंगवावा, डोळ्यांना हात लावू नये.

रंगाऱ्याने निरोप देताना शिकवले ते आम्ही अजून पाळतो. पाणी नाही, तेल नाही. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झाडावयाची. समई आणि ऊन दूर. जयपूरचा उन्हाळा कोरडा, पण कूलरसमोरची हवा ओलसर. लाकूड ओलीने फुगते, कोरडेपणी आकसते, आणि या ओढाताणीत तडकते. बदलीच्या सामानात तिला प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, सुती कापडात गुंडाळावे. नव्या गावी पोचल्यावर तेथील हवेची सवय हळूहळू होऊ द्यावी. माणसांसाठीही हाच नियम असता तर किती बरे झाले असते!

नव्या गालाचा रंग जुन्याशी अजून जुळलेला नाही. मंडळी म्हणतात, असू दे, देवीच्या ध्यानात राहील की आपण चुकलो होतो. कुंचला मात्र त्या आमच्या हाती देत नाहीत.