देव किती?

चंद्रपूरहून मूलमार्गे एस. टी. निघाली, की खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचीत जावे. पुण्याकडचा ‘कर’ इथे क्वचित भेटतो. भेटतो तो ‘वार’. १९६२ साली मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार याच जिल्ह्याचे. हा ‘वार’ म्हणजे तेलुगूतला आदराचा ‘वारु’, गोदावरीपलीकडून इकडे येऊन पक्का मराठी झालेला.

वैनगंगा ओलांडून चामोर्शी-आष्टीवरून आलापल्लीच्या सागवनात शिरले, की पाट्या विरळ होतात आणि आडनावेही पालटतात. आत्राम, मडावी, टेकाम, मरकाम! ही गोंडांची नावे. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग आणि ‘मरका’ म्हणजे आंबा. आडनावातल्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, असा जुना दंडक. आता ज्या मुलखाची कीर्तीच सागामुळे, तिथे एखाद्या टेकामाने जंगलकटाईची मजुरी करावी तरी कशी, हे तुम्हीच सांगा!

पण झाड ही निम्मीच गोष्ट. सोयरीक निघाली की खरा प्रश्न येतो तो ‘देव किती?’ हा. कोणी चारदेवे, कोणी पाचदेवे. आत्राम सहादेवे, तर मडावी सातदेवे. म्हणून आत्राम-मडावींचे लग्न जमते. पण आडनावे निराळी असूनही देव सारखेच निघाले, तर मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात. आपल्याकडे गोत्रासाठी पंचांग धुंडाळावे लागते. इथे आडनाव सांगितले की दारातच निकाल. चांद्याचे गोंड राजे आत्राम, अहेरीचे जमीनदारही आत्राम. पण राजा झाला म्हणून त्याचे देव काही वाढले नाहीत!

एवढा नेमका हिशेब कागदावर मात्र बिघडतो. मध्य प्रदेशात मडावीचा ‘मरावी’ होतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फासावर गेलेल्या वीर बाबूरावांचे आडनाव कोणी ‘शेडमाके’ लिहितो, कोणी ‘सेडमाके’. इतिहासात हे चालून जाते. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली आणि आजोबांच्या कागदावरचे अक्षर नातवाच्या शाळेच्या दाखल्याशी जुळले नाही, तर पोराला कचेरीचे खेटे घालावे लागतात. कॉलेजातली जागा तोवर थांबत नाही. आणि आजोबांनी तर आडनाव नुसते उच्चारले होते. लिहिले ते कारकुनाने, त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे.